पदकाआधीचे पैसे कुणी द्यायचे? कोल्हापूरच्या खेळाडूंसाठी आपल्याला काही करता येईल का?

दुधाळी_रेंज | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. जरा लांबेल.

माझी भाची १५ वर्षांची आहे. १० मीटर एअर रायफलमध्ये खेळते. गेल्या रविवारी तिला आणायला रेंजवर गेलो तर ती जॅकेटशी झटत होती. शूटिंगचं जॅकेट म्हणजे जाड कॅनव्हासचं, पुठ्ठ्यासारखं ताठ. दोन वर्षांपूर्वी शिवून घेतलेलं. आता खांदे रुंदावलेत, त्यामुळं बटण लागतं पण श्वास कोंडतो. मला वाटलं, लागतंय ना बटण, मग झालं. तिच्या सरांनी समजावून सांगितलं की तसं चालत नाही. जॅकेट घट्ट असेल तर ते शरीराला आधार देतं, म्हणून नियमच असा आहे की बटणाच्या जागेपलीकडं ते आणखी किमान ७० मिलिमीटर ओढता आलं पाहिजे. स्पर्धेच्या आधी तपासणीत पट्टी लावून बघतात. नाही बसलं तर ते जॅकेट घालून उभं राहता येत नाही. म्हणजे पोरगी वाढली हाच तिचा दोष.

तिचा बाप, माझा मेव्हणा, उद्यमनगरात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. रायफल दोघी मुलींत मिळून एक. जॅकेट-ट्राउझरला ३५-४० हजार. पेलेट म्हणजे रायफलीचे छर्रे, ५०० पेलेटच्या एका डब्याला हजाराच्या वर किंमत, आणि रोजचा सराव नीट केला तर डबा पाच दिवसांत संपतो. ती एक वही ठेवते. त्यात तारीख, स्कोअर आणि शेवटच्या रकान्यात 'उरले' असं लिहिलेलं. मी पानं उलटली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळीकडं 'ड्राय', 'ड्राय', 'ड्राय'. ड्राय म्हणजे पेलेट न घालता नुसता नेम धरून ट्रिगर ओढायचा. चांगला सराव आहे, मोठे नेमबाजही करतात. पण २४ तारखेपासून पुढं रोज ड्राय, हा सराव नाही. मी तिला विचारलं नाही. विचारवलं नाही.

नेमबाज स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन आला तेव्हा आपण सगळे रस्त्यावर होतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. पैलवान खाशाबा जाधवांचं १९५२ चं ऑलिंपिक पदक आणि हे, मध्ये ७२ वर्षं. त्यानंतर राज्य सरकारनं बक्षिसं वाढवली. ऑलिंपिक सुवर्णाला ५ कोटी, रौप्याला ३, कांस्याला २. हरियाणात ६, ४ आणि अडीच कोटी आहेत. केंद्राचे ७५, ५० आणि ३० लाख वेगळे. कुणाला किती मिळावं यावर वाद झाले, होऊ देत. जो पदक आणतो त्याला द्यावंच. माझा प्रश्न त्याच्या आधीच्या वर्षांचा आहे.

ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठी केंद्राची 'टॉप्स' योजना २०१४ पासून आहे. तिच्या मुख्य यादीत नाव आलं की सरावाचा, परदेशी स्पर्धांचा खर्च सुटतो, शिवाय महिन्याला ५० हजार हातखर्च. 'खेलो इंडिया'त निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांची तरतूद, त्यातले १ लाख २० हजार हातात. चांगल्या योजना आहेत, मी नावं ठेवत नाही. पण दोन्हीकडं आधी निवड आणि मग मदत. निवड व्हायला राष्ट्रीय पातळीचा स्कोअर पाहिजे, त्या स्कोअरसाठी पेलेट पाहिजेत आणि महिन्याच्या २४ तारखेला पेलेट संपतात. या मधल्या तीन-चार वर्षांचं काय?

आपल्या शहरात तालमी आहेत, मंडळं आहेत, कारखाने आहेत, दूधसंघ आहे, फौंड्र्या आहेत. मला भाषण नको आहे. काय करता येईल ते सांगा.

लाल_माती | रविवार, रात्री १०:२५

दादा, तुमचं वाचून गप बसवंना.

मी पंधराव्या वर्षी गावाकडनं तालमीत आलो, सात वर्सं काढली. पहाटं चारला उठायचं. जोर, बैठका, लढत, मग माती उकरायची. खुराक म्हंजे काय ते बाहेरच्याला कळत न्हाई. रातीला बदाम भिजत घालायचं, सकाळी एकेक सोलायचं, खसखस, बडीशेप, मिरी घालून घोटायचं, ती थंडाई. दूध, तूप, आठवड्याला मटण. बदाम सोलताना हातापरीस डोसकं जास्त चालायचं, किलोभर आणलंय ते किती दिवस पुरंल. माझ्या बापानं दुसरी म्हस घेतली आणि तिचं दूध डेअरीला न घालता माझ्यासाठी ठेवलं. सकाळच्या यष्टीनं किटली यायची, स्टँडवर जाऊन घ्यायची. सात वर्सं. त्या दुधाचं पैसं बापानं कधी मोजलं न्हाईत, पर घराला पत्रा हुईस्तवर माझी कुस्ती सुटली हुती.

तुमी इचारलं आपल्याकडं काय हाय. हाय की. आमच्या भागातल्या साखर कारखान्याची मानधनाची कुस्ती असायची, अजून बऱ्याच ठिकाणी हाय. कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या गावचा पोरगा पाहिजे. वजनगट पाडायचं, लढती लावायच्या, जो पुढं जाईल त्येला वर्सभर म्हैन्याला मानधन. मी दोन वर्सं घेतलंय. रक्कम लई मोठी नव्हं. पर म्हैन्याच्या म्हैन्याला यायची, आणि बदामवाल्याला मी तारीख सांगू शकत हुतो. जत्रंतलं इनाम मोठं असलं तरी एकदाच. एका मैदानाला जिकलो, दुसऱ्याला चितपट झालो, तर मधलं दोन म्हैने उधारीवर. मानधनाची सर कशालाच न्हाई.

तवा माझं म्हणणं सरळ हाय. मोठी रक्कम नको. थोडी द्या, पर म्हैन्याला द्या आणि वर्साची खात्री द्या.

माझं काय झालं त्ये पण सांगतो. बावीसाव्या वर्षी पट काढताना गुडघा फिरला. लिगामेंट. शेक घेतला, तेल लावलं, म्हैनाभर पट्टी बांधली आणि पुन्हा आखाड्याच्या हौद्यात उतरलो. दुसऱ्यांदा फिरला तवा संपलं. गुडघ्याचा फोटो काढायला पैसं जमस्तवर आठ म्हैने गेलं. खुराकाला गाव हुता, कारखाना हुता. गुडघ्याला कुणी नव्हतं.

राधानगरी_रोड | रविवार, रात्री ११:०२

लाल माती, वाचून गलबललं.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. स्वप्नीलला सुरुवातीला सरकारचा हात नव्हता असं कुणी समजू नये. २००९ मध्ये तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, म्हणजे १४ व्या वर्षी. राहणं, खाणं, शाळा, प्रशिक्षक तिथं मिळालं. २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरी. आपला फुटबॉलपटू अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तोही प्रबोधिनीतूनच घडला. म्हणजे जिथं लहान वयात हात मिळाला तिथं फळ आलंय. प्रबोधिनीच्या जागा मोजक्या असतात, हा खरा प्रश्न. चाचणीत एका शतांशाने मागं राहिलेला पोरगा दुसऱ्या दिवशी घरी येतो आणि त्याच्यासाठी काहीच नसतं.

गुरुजी_भुदरगड | सोमवार, सकाळी ७:१०

विषय चांगला आहे, पण मी विरुद्ध बाजूनं बोलणार आहे. रागावू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडं क्रीडा शिक्षक नाही. मैदान म्हणून जे आहे त्याच्या मधून ट्रॅक्टर जातो. गेल्या वर्षी तालुका स्पर्धेला मुलं अनवाणी पळाली आणि त्यातल्या एकीनं ८०० मीटरला पहिला नंबर काढला. जिल्ह्याला तिला बूट घालून पळायला लावलं तर ती अडखळली, कारण बूट आदल्या दिवशी घेतलेले. आता मला सांगा, एका नेमबाज मुलीच्या पेलेटला महिन्याला जेवढे पैसे जातात तेवढ्यात मी वर्गातल्या सगळ्या मुलांना चेंडू, दोऱ्या, बूट देऊ शकतो. गरीब देशानं वरच्या चार खेळाडूंवर खर्च करायचा की खालच्या चारशेंवर? पदक आलं की अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण त्या अभिमानानं माझ्या शाळेत मैदान येत नाही.

दुधाळी_रेंज | सोमवार, सकाळी ८:००

गुरुजी, रागावण्यासारखं यात काहीच नाही. त्या मुलीची ८०० मीटरची वेळ आणि बुटाचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

मँचेस्टरचा_कोल्हापुरी | सोमवार, दुपारी १:३५

गुरुजींच्या प्रश्नावर इथला अनुभव सांगतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं होतं, पदकतालिकेत ३६ वा नंबर. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळांकडं वळवला, खेळाडूंना थेट मानधन सुरू केलं. २०१६ ला रिओत २७ सुवर्णांसह देश दुसरा आला. म्हणजे पैशानं पदकं येतात, यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजू मी इथं राहून बघितली. पैसा कुणाला द्यायचा याचा निकष एकच ठेवला, पदकाची शक्यता. रिओत बॅडमिंटनमध्ये यांना कांस्य मिळालं, तरीही पुढच्या चार वर्षांचा त्या खेळाचा निधी बंद केला गेला, नंतर काही परत द्यावा लागला. बास्केटबॉलसारखा खेळ, जो वस्त्यांतली मुलं रोज खेळतात, तो या पद्धतीत कायम उपाशी राहिला.

आपल्या देशातलं वेगळं उदाहरण ओडिशाचं. २०१८ पासून त्या राज्यानं हॉकीच्या राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. टोकियोत पुरुष संघाला ४१ वर्षांनी पदक मिळालं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथं हॉकी सुंदरगडच्या गावागावांत आधीपासून होती. राज्यानं आपल्या मातीतला खेळ निवडला आणि हात सोडला नाही. कोल्हापुरानं सगळेच खेळ घेऊ नयेत. कुस्ती, नेमबाजी, फुटबॉल. इथं शिकवणारे आहेत, बघणारे आहेत.

स्नायू_सांधे | सोमवार, रात्री ९:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, राजारामपुरीत प्रॅक्टिस करते. लाल माती दादांचं शेवटचं वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

खेळाडूला मदत म्हटलं की आपण पैसे आणि खुराक एवढंच धरतो. माणसं धरत नाही. खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. १९४८ ला लंडनला जायला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली, तिथं ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. ही गोष्ट आपल्याकडं लहान मुलालाही माहीत असते. पण तिचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. हेलसिंकीत त्यांना एका लढतीनंतर लगेच पुढच्या लढतीला उभं केलं गेलं, मध्ये नियमाप्रमाणं विश्रांती मिळायला हवी होती. तिथं त्यांच्या बाजूनं हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. कांस्य मिळालं. शेजारी एक माणूस उभा असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा करते.

माझ्याकडं येणारी मुलं-मुली दुखापतीनंतर दोन-तीन महिन्यांनी येतात. तोवर वस्ताद, शेजारी, मेडिकलवाला, सगळ्यांचे उपाय करून झालेले असतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक. दमतेय, स्कोअर पडतोय, मन लागत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलीचं मी आधी हिमोग्लोबिन तपासून आणायला सांगते. फार वेळा तिथंच उत्तर असतं. तपासणी थोडक्या पैशात होते, पण ती करायची हे कुणी सांगितलेलं नसतं.

पैसे मी फार देऊ शकणार नाही. शनिवारी दुपारचे तीन तास देते, विनामूल्य. कोणत्याही खेळाचा, १२ ते २१ वयाचा खेळाडू. दादा, तुमचा गुडघाही आणा. कुस्ती खेळता येणार नाही, पण जिना तरी न दुखता चढता येईल का ते बघू.

लाल_माती | सोमवार, रात्री ९:४०

येतो ताई. शनवारी येतो. तालमीतली दोन पोरं पण आणतो, एकाचा खांदा निखळतोय सारखा आणि तो कुणाला सांगत न्हाई.

ट्रायल_बॅलन्स | मंगळवार, सकाळी ११:२०

सी. ए. आहे, त्यामुळं माझ्या बाजूचं बोलतो.

सगळे म्हणतात कंपन्यांकडून सीएसआर आणा. कायदा असा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणं ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, तिनं गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ, मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत या मापात बसणाऱ्या कंपन्या आहेत. पण हा पैसा घ्यायला नोंदणीकृत संस्था लागते, तिचा काही वर्षांचा हिशेब लागतो, आयकर खात्याची नोंदणी लागते. आज धागा काढला आणि उद्या पैसे आले, असं होत नाही.

आणि सहकारी साखर कारखाने, दूधसंघ यांना हे कलम लागूच होत नाही, कारण ते कंपनी कायद्याखाली नाहीत, सहकार कायद्याखाली आहेत. तिथं दार वेगळं. संचालक मंडळ आणि वार्षिक सभा. लाल माती म्हणतात ते मानधन असंच सभासदांच्या संमतीनं सुरू झालेलं असतं. उसाच्या पट्ट्यातला शेतकरी सभासद आहे म्हणून त्याच्या पोराच्या खुराकाला कारखाना उभा राहिला. मग त्याच कारखान्याच्या सभेत कुणी उठून असं का म्हणू नये की मानधन कुस्तीबरोबर नेमबाजीला, धावण्यालाही द्या? गुरुजींच्या ८०० मीटरवाल्या मुलीचे वडील कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद असतीलच.

तोवर आपल्या हातात काय? रोख पैसे वाटू नका, हा माझा अनुभवाचा सल्ला. वस्तूंची पेढी करा. रायफल, जॅकेट, स्पाइक्स, मॅटचे बूट हे संस्थेच्या नावावर, नंबर टाकून, मुलाला वापरायला. वाढला की परत, पुढच्याला. शूटिंगचं जॅकेट चांगलं राखलं तर दोन-तीन मुली सहज वापरतील. कुणाला दिलं, कधी परत आलं, याची वही उघड्यावर. निवड कोण करणार हा प्रश्न निघालाच तर तीन माणसं, तिन्ही वेगवेगळ्या खेळांतली, आणि ज्याचं स्वतःचं मूल रांगेत आहे त्यानं त्या दिवशी बाहेर बसायचं.

साडेपाचचा_तलाव | मंगळवार, दुपारी ४:०५

माझी मुलगी पोहते. पहाटे साडेपाचला मी तिला स्कूटीवरून सोडते, काठावर बसून तिचा डबा भरते, आठला शाळेत पोहोचवते.

वर सगळे पैशाचं लिहीत आहेत, बरोबर आहे. पण आमच्या बॅचच्या ११ मुलींपैकी ७ जणी नववीच्या सुट्टीत थांबल्या. एकीचाही प्रश्न फीचा नव्हता. 'दहावी आहे' एवढंच कारण. खेळाचे सवलतीचे गुण मिळतात हे पालकांना माहीत आहे, तरी थांबवतात. कारण पुढं काय, हे कुणी त्यांना सांगत नाही. तुमच्या पेढीत एखादी अशी व्यक्ती ठेवा, जी नववीच्या पालकांशी बसून बोलेल. नेमबाज तेजस्विनी सावंत याच शहरातून गेली आणि २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ ला आशियाई सुवर्ण आणलं, असं करणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्यांच्या घरीही दहावी होतीच की.

टेबल_नंबर_४ | मंगळवार, रात्री १०:५०

मी सरकारी नोकरीत आहे, एकेकाळी राज्य पातळीवर खेळलोय, म्हणून या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोकरी.

खेळाडूला नोकरी दिली की आपण सुटलो असं समाजाला वाटतं. महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मोठं पदक असेल तर थेट नियुक्तीही मिळते. त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण नोकरीत दोन प्रकार असतात. एक, जिथं तुमचा खेळ हेच तुमचं काम धरतात. रेल्वे, सेनादल, पोलिस यांचे संघ बघा. दुसरा, जिथं तुम्ही आधी कर्मचारी आणि उरलेल्या वेळात खेळाडू.

आपला जलतरणपटू वीरधवल खाडे. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा १७ वर्षांचाही झाला नव्हता. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला कांस्य, भारताला पोहण्यात २४ वर्षांनी मिळालेलं पदक. मग मालवणला तहसीलदार. चांगलं पद, कुटुंबाला स्थैर्य. पण तहसीलदाराला निवडणूक आहे, आपत्ती आहे, वाळू आहे, मोर्चे आहेत. २०१४ च्या आशियाई स्पर्धेला तो जाऊ शकला नाही, रजेचाच प्रश्न होता. जलतरणपटूची ती ऐन उमेदीची वर्षं. २०१८ ला जकार्त्यात परत उतरला तेव्हा ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा. कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. ०.०१. मधली वर्षं पाण्यात गेली असती तर, हा विचार मनातून काढता येत नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर, राष्ट्रीय स्पर्धेच्या शिबिराला २१ दिवसांची रजा मागितली होती. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "तुमच्या टेबलाचं काम कोण बघणार ते लिहून द्या." कुणी लिहून दिलं नाही. तो अर्ज अजून माझ्या फाइलमध्ये आहे, त्याच्यावर कसलाच शेरा नाही. नामंजूरही नाही.

म्हणून मागणी करायची तर नोकरीबरोबर बदली कर्मचाऱ्याची करा. खेळाडू शिबिराला गेला की त्याच्या टेबलावर कोण बसेल हे नियुक्तिपत्रातच लिहिलेलं असावं.

शाहू_स्टेडियम_पश्चिम | बुधवार, सकाळी ९:३०

फुटबॉलवाल्यांतर्फे थोडक्यात. आमच्या पेठेत हंगामाला वर्गणी कमी पडत नाही. संघावर लोक जीव टाकतात. पण पैसा बाहेरचा खेळाडू आणण्यात जातो, कारण चषक याच हंगामात पाहिजे असतो. पेठेतला १४ वर्षांचा पोरगा त्या पैशाच्या रांगेत शेवटी. मी मंडळाच्या बैठकीत हा विषय काढणार आहे, वर्गणीतला दहावा हिस्सा १६ वर्षांखालच्या पोरांना. मान्य होईल की नाही माहीत नाही. पण काढणार.

गुरुजी_भुदरगड | बुधवार, रात्री ८:२०

ट्रायल बॅलन्स यांनी सांगितलेली पेढी पटली. माझा विरोध होता तो वरच्यांना एक आणि खालच्यांना दुसरं, या विभागणीला. वस्तू परत येत असतील आणि पुढच्या मुलाला जात असतील तर ती विभागणी उरत नाही.

एक भर घालतो. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं ते आपण सांगतो, पण त्यांच्या काळात गावोगावच्या तालमींनाही आश्रय होता. वर खासबाग आणि खाली गावची तालीम. गावात हौदा नसता तर खासबागेत उतरायला कोण आलं असतं? मी शाळेमागची जागा ग्रामपंचायतीकडं मागितली आहे. ट्रॅक्टरचा रस्ता बांधाकडून वळवायचा आहे, दोन घरांची संमती झाली, एक बाकी.

मुलीचा बुटाचा नंबर ४. तिची वेळ निरोपात पाठवली आहे.

लाल_माती | शनिवार, सायंकाळी ६:१५

ताईंकडं जाऊन आलो. आमी तिघं. खांदेवाल्या पोराला तीन म्हैने लढत बंद, व्यायाम लिवून दिल्यात. पोरगं रडलं. मी त्येला म्हनलं, मला कुणी तीन म्हैने थांब म्हनलं असतं तर मी आज वस्ताद असतो. ऐकलंय. वस्तादांनी पण ऐकलं, ते महत्त्वाचं.

दुधाळी_रेंज | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:०५

उशीर झाला, माफ करा. जे झालं ते लिहितो.

या धाग्यावरचे आणि ओळखीचे असे नऊ जण गेल्या रविवारी बसलो. संस्थेची नोंदणी ट्रायल बॅलन्स बघत आहेत, तिला वेळ लागेल. तोवर रोख गोळा करायचं नाही असं ठरलं. ज्याला द्यायचं आहे त्यानं वस्तू द्यायची किंवा दुकानात परस्पर बिल भरायचं, आणि वही मी ठेवायची. साडेपाचचा तलाव यांनी नववीच्या पालकांशी बोलायचं काम घेतलंय, पहिली बैठक दिवाळीच्या आधी. कारखान्याच्या सभेत विषय मांडायला दोन सभासद तयार झालेत, त्यातले एक कुस्तीचे मानधन घेतलेले जुने पैलवान आहेत.

इचलकरंजीहून एका ताईंचा निरोप आला. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला गेली, शूटिंग सुटलं, जॅकेट कपाटात पडून होतं. त्या स्वतःच ते घेऊन आल्या. भाचीनं ते रेंजवर घातलं. सरांनी बटणाशी पट्टी धरली आणि पलीकडची कड ओढली. ८५ मिलिमीटर. बाही अर्धा इंच लांब आहे, ती चालते. आतल्या बाजूला त्या मुलीचं नाव मार्करनं लिहिलेलं होतं, भाचीनं ते पुसलं नाही, खाली आपलं लिहिलं.

८०० मीटरवाल्या मुलीला ४ नंबरचे स्पाइक्स गेले. गुरुजींनी बजावलंय की ती महिनाभर त्यात फक्त चालेल आणि हळू पळेल, स्पर्धा नंतर.

हिशेब दर महिन्याच्या ५ तारखेला इथंच टाकेन. या महिन्याचा: पेलेटचे डबे सहा, स्पाइक्स एक जोड, जॅकेट एक (नंबर ००१, परत करण्याच्या बोलीवर). २४ तारखेनंतरचं वहीचं पान मी परवा पाहिलं. तिथं स्कोअर लिहिलेला आहे.